विश्लेषण : ठेव ज्या बँकेत, तिचाच शेअर घ्यावा का?

मुदत ठेवींचे व्याज घटल्याने अनेकांची नजर बड्या बँकांच्या शेअरकडे वळते आहे. पण ठेवीदार आणि भागधारक यांचे बँकेशी असलेले नाते एकसारखे नसते. स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि येस बँकेचा गेल्या काही वर्षांतला अनुभव काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एकाच वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्जदारांचा हप्ता हलका झाला, ठेवीदारांचे व्याज मात्र उतरले. वर्ष संपताना मोठ्या बँकांच्या एक-दोन वर्षांच्या ठेवींवर सहा-साडेसहा टक्क्यांच्या घरात व्याज मिळत होते, आणि त्यावर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर. त्याच बँकांच्या शेअरचे चढते आलेख मोबाइलवर पाहिले की हिशेब सोपा वाटू लागतो. पैसे बँकेतच ठेवायचे आहेत, तर ठेवीऐवजी शेअर का नको? बँक तीच, नाव तेच, कोपऱ्यावरची शाखाही तीच.

अडचण अशी की ठेव म्हणजे बँकेला दिलेले कर्ज. ते तिने ठरल्या तारखेला, ठरल्या व्याजासह परत करायचे असते. शेअर म्हणजे सगळ्यांची देणी फेडून झाल्यावर जे उरेल त्यातला वाटा. चांगल्या वर्षांत हा उरलेला वाटा मोठा होतो, वाईट वर्षांत तो सर्वात आधी जातो.

बँक बुडू देणार नाहीत, मग शेअर कसा बुडेल?

स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या तीन बँकांना रिझर्व्ह बँकेने देशाच्या वित्तव्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँकांचा दर्जा दिला आहे. स्टेट बँक आणि आयसीआयसीआय २०१५ पासून या यादीत आहेत, एचडीएफसी बँक २०१७ पासून. यातली एखादी कोसळली तर सगळी व्यवस्थाच हादरेल, म्हणून त्यांना इतर बँकांपेक्षा जास्त भांडवल राखावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून स्टेट बँकेसाठी हे जादा भांडवल ०.८० टक्के, एचडीएफसी बँकेसाठी ०.४० टक्के आणि आयसीआयसीआय बँकेसाठी ०.२० टक्के आहे.

‘बुडू न देण्याइतकी मोठी’ या शब्दांचा अर्थ अनेक जण ‘शेअर सुरक्षित’ असा लावतात. पण बँक वाचवणे म्हणजे ठेवीदार आणि व्यवस्था वाचवणे. भागधारकाला वाचवण्याचे आश्वासन त्यात कुठेच नाही. याचा धडा येस बँकेने दिला, आणि तो आकड्यांसकट पाहण्यासारखा आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये येस बँकेचा शेअर ३५० रुपयांच्या वर होता. समजा, एकाने त्या वेळी ३५० रुपये भावाने एक हजार शेअर घेतले आणि दुसऱ्याने तेवढेच साडेतीन लाख रुपये त्याच बँकेत मुदत ठेवीत ठेवले. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि खात्यातून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त काढण्यास मनाई केली. दुसऱ्याची झोप उडाली असणार. पण १८ मार्चला निर्बंध उठले आणि त्याची पूर्ण रक्कम, व्याजासह, शाबूत राहिली.

पहिल्याचे काय झाले? पुनर्रचनेच्या योजनेत स्टेट बँक आणि इतर काही बँकांनी १० रुपये भावाने येस बँकेचे नवे शेअर घेतले. त्या भावाने पहिल्याच्या साडेतीन लाखांचे दहा हजार रुपये झाले होते. शिवाय ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते, त्यांच्या ७५ टक्के शेअरवर तीन वर्षे विक्रीबंदी आली. ज्यांनी शेअर नव्हे तर बँकेचे जास्त व्याजाचे ‘एटी-१’ रोखे घेतले होते, त्यांचे ८,४१५ कोटी रुपये निर्लेखित झाले. हा वाद पुढे न्यायालयात गेला. या रोख्यांच्या खरेदीदारांत ‘ठेवीसारखेच आहे, व्याज जास्त’ असे समजून पैसे गुंतवणारे ज्येष्ठ नागरिकही होते.

शेअरचा भाव पूर्वीच्या पातळीवर का परतला नाही, हा प्रश्न येस बँकेचे भागधारक आजही विचारतात. उत्तर शेअरच्या संख्येत आहे. संकटापूर्वी बँकेचे सुमारे २५५ कोटी शेअर होते. मार्च २०२० मध्ये १० रुपयांनी एक हजार कोटी शेअर नव्याने दिले गेले. जुलै २०२० मध्ये १२ रुपयांनी १५ हजार कोटी रुपयांची आणखी भागविक्री झाली. आता एकूण शेअर ३,१०० कोटींच्या वर आहेत. म्हणजे बँक वाचली, सावरलीही, पण पोळी तेवढीच राहून खाणारे बारापट झाले. २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकिंग कॉर्पोरेशनने स्टेट बँकेकडून येस बँकेचे शेअर घेतले ते २१.५० रुपये भावाने. दहाला घेणाऱ्या स्टेट बँकेचे पैसे पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाले. साडेतीनशेला घेणाऱ्याच्या हातात त्या भावाने साडेएकवीस हजार रुपये येतात.

महाराष्ट्रात बँक बुडण्याची भीती म्हटली की पीएमसी किंवा रुपी बँकेबाहेरच्या ठेवीदारांच्या रांगा आठवतात. मोठ्या बँकेत अशी रांग सहसा लागत नाही. ठेवीदाराला ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे कवच असते आणि त्याहून मोठे कवच म्हणजे सरकार आणि रिझर्व्ह बँकेची धडपड. तोटा मात्र गायब होत नाही. तो डिमॅट खात्यात जाऊन बसतो.

थोडे कर्ज बुडाले तर इतके काय बिघडते?

साबण किंवा मोटार बनवणाऱ्या कंपनीपेक्षा बँकेचा ताळेबंद वेगळा असतो. मार्च २०२५ अखेर स्टेट बँकेची एकूण मालमत्ता, म्हणजे प्रामुख्याने तिने दिलेली कर्जे आणि घेतलेले सरकारी रोखे, सुमारे ६६ लाख कोटी रुपयांची होती. त्यात भागधारकांचे स्वतःचे भांडवल आणि राखीव निधी मिळून साधारण ४.४ लाख कोटी. उरलेला पैसा ठेवीदारांचा आणि इतर धनकोंचा. म्हणजे भागधारकांच्या एका रुपयावर पंधरा रुपयांचा डोलारा उभा आहे.

शाळेत शिकवलेली तरफच ही. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये स्टेट बँकेने ७०,९०१ कोटी रुपयांचा नफा कमावला. मालमत्तेशी तुलना केली तर हा नफा जेमतेम एक टक्का भरतो. पण भांडवलाशी तुलना केली तर तोच सोळा टक्क्यांच्या आसपास जातो. मोठ्या बँकांचे शेअर चांगल्या काळात जे पळतात ते या तरफेमुळे.

आता तरफ उलटी फिरवून पाहू. एखाद्या बँकेने १०० रुपयांची कर्जे दिली आहेत आणि तिचे भांडवल १० रुपये आहे. वर्षाला दीड रुपया नफा होतो. कर्जांपैकी चार रुपये बुडाले आणि त्यातले काहीच वसूल झाले नाही, तर अडीच वर्षांहून जास्त काळाचा नफा गेला. आठ रुपये बुडाले तर एका वर्षाचा नफा जमेस धरूनही भांडवलाचा मोठा भाग गेला. मग नियमात बसण्यासाठी नवे भांडवल उभारावे लागते, तेही शेअर सर्वात स्वस्त झालेला असताना. येस बँकेच्या शेअरची संख्या फुगली ती अशीच.

१०० पैकी आठ-दहा रुपये थकणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. मार्च २०१८ मध्ये देशातल्या बँकांच्या एकूण कर्जांपैकी ११ टक्क्यांहून अधिक कर्जे अनुत्पादित होती. मार्च २०२५ मध्ये हे प्रमाण २.३ टक्क्यांवर आले, अनेक दशकांतले सर्वात कमी. आज बँकांचे शेअर घेणारा या दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर घेतो. चक्र इथून आणखी किती सुधारणार, हा प्रश्न त्याला पडायला हवा. सहसा पडत नाही.

चांगली बँक, मग शेअर तीन वर्षे जागेवर का?

एचडीएफसी बँकेचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे, कारण इथे काही बुडाले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा शेअर १,६०० रुपयांच्या आसपास पोहोचला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो १,४०० च्या आसपास होता. या तीन वर्षांत बँकेचा वार्षिक नफा ३१ हजार कोटींवरून ६० हजार कोटींच्या वर गेला. त्यात एचडीएफसी लिमिटेडच्या विलीनीकरणाचा वाटा आहे आणि शेअरची संख्याही वाढली, हे खरे. तरी प्रतिशेअर कमाई ५६ रुपयांवरून ८५ रुपयांच्या वर गेली. कमाई दीडपट, भाव मात्र उणे.

याचे एक कारण मुळात मोजलेली किंमत. बँकेच्या शेअरची महागाई मोजताना बहुतेक विश्लेषक भावाची तुलना प्रतिशेअर पुस्तकी मूल्याशी करतात. पुस्तकी मूल्य म्हणजे बँकेचे स्वतःचे भांडवल आणि राखीव निधी, भागिले शेअरची संख्या. २०२१ च्या सुरुवातीला गुंतवणूकदार एचडीएफसी बँकेसाठी पुस्तकी मूल्याच्या चौपटीहून जास्त भाव देत होते. २०२४ मध्ये ते अडीचपटीच्या आसपास द्यायला तयार होते. बँकेने तीन वर्षांत जे कमावले, ते किंमत मोजण्याच्या या मोजपट्टीने खाऊन टाकले.

दुसरे कारण विलीनीकरण. १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली. एचडीएफसीच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. गृहकर्जांचा प्रचंड साठा बँकेकडे आला, पण त्या कर्जांमागे बचत खाती नव्हती. होती ती प्रामुख्याने रोखे विकून उभारलेली महागडी उधारी. बँकेचे कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे शंभर रुपये ठेवीमागे दिलेली कर्जे, विलीनीकरणापूर्वी ८५ च्या आसपास होते. ते ११० वर गेले. १७ जानेवारी २०२४ रोजी, तिमाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी, शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक घसरला. नफा वाढलेलाच होता. बाजाराला चिंता होती ती ठेवी कुठून येणार याची.

पुढे बँकेने वेग आवरला. २०२४-२५ मध्ये ठेवी १४ टक्क्यांनी वाढवल्या, कर्जे फक्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कर्ज-ठेव प्रमाण ९६ च्या आसपास उतरले आणि जुलै २०२५ मध्ये शेअर दोन हजारांपर्यंत पोहोचला. म्हणजे २०२१ ला घेऊन धरून ठेवणाऱ्याचे नुकसान झाले नाही. साडेचार वर्षांत पंचवीस टक्के आणि थोडा लाभांश, हा परतावा मात्र त्याच बँकेच्या मुदत ठेवीशी बरोबरीचा म्हणावा असाच.

जाता जाता, ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेने एकास एक बोनस शेअर दिला. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाव दोन हजारांच्या जवळून एक हजारांच्या जवळ दिसू लागला आणि ‘एचडीएफसी बँक अर्ध्या किमतीत’ असे संदेश फिरले. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला, खिशातली रक्कम तेवढीच राहिली. जुन्या आणि नव्या भावांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे लागते. वर दिलेले भाव बोनसपूर्वीचे आहेत.

कुणालाच नको असलेली स्टेट बँक कशी पळाली?

याच काळात स्टेट बँकेचा प्रवास बरोबर उलटा झाला. २०१७-१८ मध्ये या बँकेला ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला होता. शंभर रुपये कर्जातले जवळपास अकरा रुपये थकले होते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मालमत्ता गुणवत्ता तपासणीने बँकांना लपवलेली थकबाकी उघडी करावी लागली, त्याचा हा परिणाम. पोलाद, वीज, रस्ते अशा प्रकल्पांना दिलेली मोठी कर्जे अडकली होती.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, स्टेट बँकेचा शेअर १५० रुपयांच्या आसपास मिळत होता. प्रतिशेअर पुस्तकी मूल्य अडीचशेच्या घरात होते. म्हणजे बाजार सांगत होता, ‘तुमच्या पुस्तकातल्या आकड्यावर आमचा विश्वास नाही, अजून बरेच बुडेल.’ तेवढे बुडाले नाही. दिवाळखोरी संहितेखाली काही मोठी वसुली झाली, जुन्या कर्जांसाठी तरतूद करून झाली होती, नवी कर्जे प्रामुख्याने गृहकर्जे आणि पगारदारांची होती. मार्च २०२५ पर्यंत अनुत्पादित कर्जे १.८२ टक्क्यांवर आली. जून २०२४ मध्येच शेअर ९०० रुपयांच्या वर जाऊन आला होता.

या सहापट वाढीत दोन गोष्टी एकत्र आहेत. नफा वाढला आणि बाजाराचा पुस्तकी मूल्यावरचा विश्वास परतला. दुसरी गोष्ट एकदाच घडते. आता पुस्तकी मूल्याच्या वर भाव देऊन घेणाऱ्याला पहिल्या गोष्टीवरच विसंबावे लागेल. मागच्या पाच वर्षांचा आलेख पाहून पुढच्या पाच वर्षांचे गणित मांडणाऱ्यांची चूक इथे होते.

मग स्वस्त दिसणारा बँक शेअर घ्यावा की टाळावा? येस बँकही घसरताना दर टप्प्यावर स्वस्तच दिसत होती. २०२० ची स्टेट बँक आणि २०१९ ची येस बँक यांत फरक असा की पहिलीकडे खेडोपाडीच्या बचत खात्यांचा अखंड ओघ होता, निम्म्याहून अधिक मालकी सरकारची होती आणि थकबाकीची कबुली देऊन झाली होती. दुसरीची कबुली व्हायची होती. पुस्तकी मूल्याचे गणित तेव्हाच कामाला येते जेव्हा पुस्तक खरे असते.

लाभांशावर घर चालेल का?

निवृत्त व्यक्तीसाठी खरा प्रश्न हाच असतो. दरमहा किंवा तिमाहीला येणारे व्याज सोडून शेअरकडे वळायचे, तर हातात काय येणार?

स्टेट बँकेने २०२४-२५ साठी प्रतिशेअर १५.९० रुपये लाभांश दिला. जुलै २०२५ मध्ये बँकेने बड्या संस्थांना ८१७ रुपये भावाने २५ हजार कोटींचे शेअर विकले. त्या भावाने पाहिले तर लाभांशाचा परतावा दोन टक्क्यांच्या आत. आयसीआयसीआय बँकेने ११ रुपये दिले. तिचा शेअर त्या वर्षात १,४०० च्या आसपास होता, म्हणजे एक टक्काही नाही. दहा लाखांच्या ठेवीवर सव्वासहा टक्क्यांनी वर्षाला साडेबासष्ट हजार रुपये येतात. तेच दहा लाख स्टेट बँकेच्या शेअरमध्ये असते तर साधारण साडेएकोणीस हजार. आणि लाभांशावरही उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो.

हे साडेएकोणीस हजारही हमखास नाहीत. स्टेट बँकेने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या सलग तीन आर्थिक वर्षांसाठी लाभांश दिला नाही. करोनाकाळात तर रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लाभांश देण्यास मनाई केली होती. ठेवीवरचे व्याज त्या तीन वर्षांत एक दिवसही थांबले नाही.

उरलेला खर्च शेअर विकून भागवता येतो, असे काही जण सांगतात. वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे करात फायदा आहेच. पण औषधाचे बिल मे २०२० मध्ये आले तर १५० रुपयांनी विकावे लागते. ज्या पैशाची पुढच्या पाच-सात वर्षांत गरज पडू शकते, तो पैसा या हिशेबात धरूच नये.

तिमाही निकालात कुठे पाहायचे?

निकालाच्या बातमीचा मथळा नफ्याचा असतो. बँकेच्या बाबतीत नफा हा सर्वात सोयीस्कर आकडा, कारण तरतूद थोडी कमी केली की तो वाढतो. नफ्याआधी नव्याने थकलेल्या कर्जांचा आकडा पाहावा. बँका त्याला स्लिपेज म्हणतात. एकूण अनुत्पादित कर्जे जुनी कर्जे निर्लेखित करूनही कमी दाखवता येतात, स्लिपेज मात्र या तिमाहीत काय बिघडले ते सांगते. स्टेट बँकेत २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ०.५५ टक्के होते. हा आकडा सलग दोन-तीन तिमाही चढू लागला, की मथळ्यातल्या नफ्याला फारसा अर्थ उरत नाही.

त्यानंतर ठेवी. चालू आणि बचत खात्यांतला पैसा बँकेला सर्वात स्वस्त पडतो. एकूण ठेवींत त्याचा वाटा किती, याला बँकिंगच्या भाषेत ‘कासा’ म्हणतात. एचडीएफसी बँकेचा कासा विलीनीकरणापूर्वी, मार्च २०२३ मध्ये, ४४ टक्के होता. मार्च २०२५ मध्ये तो ३५ टक्क्यांच्या खाली आला. बचत खात्यातला पैसा म्युच्युअल फंडांच्या एसआयपीकडे वळतो आहे, ही सगळ्याच बँकांची डोकेदुखी आहे. वाचकाने स्वतःच्या बचत खात्यात किती पैसे ठेवले आहेत ते आठवले तरी चित्र स्पष्ट होईल.

तिसरे म्हणजे निव्वळ व्याज नफाक्षमता, अर्थात कर्जावर मिळणारे व्याज आणि ठेवीवर द्यायचे व्याज यांतला फरक. २०२५ च्या दरकपातीत तो दबला. ऑक्टोबर २०१९ पासून नवी गृहकर्जे आणि छोट्या उद्योगांची कर्जे बाह्य मानकाशी, बहुतांशी रेपो दराशी, जोडलेली आहेत. दर उतरला की तीन महिन्यांच्या आत या कर्जाचे व्याज उतरते. मुदत ठेव मात्र जुन्याच दराने मुदत संपेपर्यंत चालते. म्हणून दरकपात झाली की आधी बँकेचे उत्पन्न घटते, खर्च नंतर. रेपो दर कमी झाला म्हणजे बँकांचे शेअर वाढणार, हा टीव्हीवरचा ठोकताळा म्हणून अर्धाच खरा.

आकड्यांत न दिसणारे काही असते का?

असते. १० मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेने डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात विसंगती सापडल्याचे जाहीर केले. बँकेचा तेव्हाचा अंदाज होता की नक्त मूल्याला सुमारे २.३५ टक्क्यांचा फटका बसेल. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्क्यांनी कोसळला. अडीच टक्क्यांच्या चुकीला सत्तावीस टक्क्यांची शिक्षा कशासाठी? कारण पंधरापट डोलाऱ्याच्या धंद्यात एक आकडा खोटा निघाला, की उरलेल्या आकड्यांकडेही बाजार संशयाने पाहतो. त्या तिमाहीत बँकेला २,३०० कोटींहून अधिक तोटा झाला आणि एप्रिलमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

कोटक महिंद्र बँकेच्या ताळेबंदात असे काही नव्हते. तरी २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने माहिती-तंत्रज्ञानातील त्रुटींवरून तिला ऑनलाइन नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांच्या आसपास पडला. ही बंदी फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. सरकारी बँकांत जोखमीचा रंग वेगळा. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या निकालादिवशी, स्टेट बँकेचा शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्के घसरला. त्या दिवशी बँकेच्या कामकाजात काहीही बदललेले नव्हते.

सामान्य गुंतवणूकदाराला यातले काही आधी कळण्याची शक्यता नाही. फंड व्यवस्थापकांनाही कळले नव्हते. सारी पुंजी एकाच बँकेच्या शेअरमध्ये न ठेवणे, एवढाच बचाव त्याच्या हातात असतो.

तुमच्याकडे बँका आधीच किती आहेत?

शेअर घेण्यापूर्वी हा हिशेब बहुतेक जण मांडतच नाहीत. निफ्टी ५० निर्देशांकात वित्तीय क्षेत्राचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. एकट्या एचडीएफसी बँकेचा वाटा २०२५ मध्ये बारा-तेरा टक्के होता, सर्व कंपन्यांत सर्वात मोठा, आणि त्याखालोखालच्या नावांत आयसीआयसीआय बँक. ज्याची निफ्टी इंडेक्स फंडात दहा लाखांची एसआयपी जमली आहे, त्याचे साडेतीन लाखांच्या आसपास बँका आणि वित्त कंपन्यांतच आहेत. लार्ज कॅप आणि फ्लेक्सी कॅप फंडांची ताजी माहितीपत्रके उघडली तरी वरच्या पाच नावांत दोन-तीन बँका हमखास सापडतात. पगारदारांच्या भविष्य निर्वाह निधीतही ऑगस्ट २०१५ पासून निर्देशांकाधारित ईटीएफ आहेत.

त्यात ठेवी बँकेत, पगार बँकेत, गृहकर्ज बँकेचे. घरातले कोणी बँकेत नोकरीला असेल आणि त्यांनी कर्मचारी योजनेतून शेअर घेतले असतील, तर नोकरी आणि पुंजी एकाच दोरीवर. अशा घराने वर आणखी तीन लाखांचे बँक शेअर घेतले, तर तो निर्णय ‘बँका घ्याव्यात का’ असा राहत नाही. ‘बँका आणखी वाढवाव्यात का’ असा होतो. याउलट ज्या तरुणाकडे अजून एकही फंड नाही, ठेवीही नाहीत आणि पुढची दहा वर्षे हा पैसा लागणार नाही, त्याला दोन-तीन मोठ्या बँका थोड्या थोड्या करून घेण्यात गैर काही नाही. एकदम एका दिवशी घेण्याची घाई कशासाठी? एचडीएफसी बँकेने २०२१ नंतर तीन वर्षे खरेदीची संधी दिलीच होती.

एक बँक निवडण्याची कटकट नको असलेले बँक निफ्टीवर आधारित फंडाकडे वळतात. तिथेही आजवर मोजक्या नावांचाच बोलबाला होता. ‘सेबी’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलला आणि अशा निर्देशांकात किमान १४ शेअर, सर्वात मोठ्या शेअरला कमाल २० टक्के आणि पहिल्या तिघांना मिळून कमाल ४५ टक्के वाटा अशी मर्यादा घातली. बँक निफ्टीत तोवर बाराच शेअर होते. हा बदल मार्च २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने करायचा होता. त्याने एचडीएफसी, आयसीआयसीआय आणि स्टेट बँकेचा भार काहीसा हलका होतो. पण थकबाकीचे चक्र फिरले तर ते चौदाही बँकांना लागते, आणि पुढचे एक वळण तारखेसह ठरलेले आहे. संभाव्य तोट्याचा अंदाज बांधून कर्ज थकण्याआधीच तरतूद करण्याची नवी पद्धत रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२७ पासून आणण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. तिचा भार मार्च २०३१ पर्यंत पसरवण्याची मुभा बँकांना प्रस्तावित आहे. कोणत्या बँकेला त्यासाठी किती रक्कम बाजूला काढावी लागेल, हा प्रश्न आतापासून विश्लेषकांच्या बैठकांत विचारला जात आहे.